चित्रांची कामं, हौसेचं कोडिंग आणि घर: तिन्ही चालू ठेवण्याची पद्धत

फ्रीलान्स चित्रकाराची कोडिंगची हौस सहसा वेळ नाही म्हणून मरत नाही. पुन्हा सुरुवात करायच्या कंटाळ्याने मरते. लग्नसराईत तीन आठवडे लॅपटॉपवर पत्रिका आणि कॅरिकेचरशिवाय काही उघडत नाही. मग एका रविवारी दोन तास हाती लागतात आणि त्यातला दीड तास 'हे असं का लिहिलं होतं' आणि 'परवापर्यंत चालत होतं, आज का चालत नाही' यातच जातो. असं दोन-तीनदा झालं की ते फोल्डर उघडणंच बंद होतं.

म्हणून इथे पहाटे चारला उठण्याचा सल्ला नाही. चित्रांच्या कामाला तारीख असते, घराला ठरलेल्या वेळा असतात, हौसेला यातलं काहीच नसतं. तेव्हा हौसेचं काम असं बांधायचं की ते कुठल्याही मिनिटाला खाली ठेवता यावं आणि महिन्याभराने पंधरा मिनिटांत पुन्हा उचलता यावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी वर्ष मांडा, मग आठवडा

वेळापत्रकाच्या बहुतेक सल्ल्यांत सगळे आठवडे सारखे धरलेले असतात. नागपुरात ते तसे नसतात. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून त्यावर रंगांनी खुणा करा.

एप्रिल आणि मे लग्नांचे. पत्रिका, जोडप्याचं चित्र, संगीताच्या कार्यक्रमाचा पडदा, सगळं एकदम अंगावर येतं. पारा ४५ च्या आसपास असतो आणि मुलं घरी असतात. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीकडे उघडतात. पुण्या-मुंबईच्या क्लायंटला हे माहीत नसतं. 'शाळा सुरू झाल्या ना, आता मोकळे असाल' असा त्यांचा फोन येतो तेव्हा तुमच्याकडे मुलांचा गोंधळ ऐन भरात असतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दिवाळी अंकांची रेखाचित्रं आणि मुखपृष्ठं. त्यातच पोळा, तान्हा पोळा, मारबत आणि गणपती. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी महाल-इतवारीकडे प्रिंटिंगचं काम ठेवूच नका. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मूर्तिकारांच्या चितार ओळीच्या बाजूने जायचं असेल तर एका कामाला अर्धा दिवस धरा. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरातल्या वाहतुकीचंही तेच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त, शाळांची स्नेहसंमेलनं आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त एकत्र येतात.

एवढ्या खुणा झाल्या की मोकळे पट्टे आपोआप दिसतात: जानेवारी-फेब्रुवारी, जुलैची सुरुवात आणि दिवाळीनंतरचा छोटा तुकडा. नवा प्रकल्प फक्त याच पट्ट्यांत सुरू करायचा. एप्रिल-मेमध्ये असलेल्या प्रकल्पाची डागडुजी चालेल. नवीन भाषा शिकायला घेणं किंवा सगळं नव्याने लिहिणं तेव्हा नको.

पायरी २: तासांचा आणि पैशांचा खरा हिशेब

आठवड्याचे १६८ तास. रोजची साडेसात तास झोप धरली तर ५२ गेले. स्वयंपाक, जेवणं, शाळेची ने-आण, आई-बाबांचा दवाखाना, बाजार यांचे ४५ धरा. पैशांच्या कामाला ४०. उरले ३१. त्यातले १५ घरच्यांसोबतचे, हातात काहीही नसलेले. आठेक तास अचानक उगवणाऱ्या गोष्टींचे. पाहुणे येतात, गाडी पंक्चर होते, मुलाला ताप येतो. खरं शिल्लक राहतं ते सात-आठ तास, आणि त्यातले पाच हौसेला मिळाले तरी खूप झालं. आकडे तुमचे घाला, पण अचानकच्या गोष्टींचे तास शून्य धरू नका. वेळापत्रक मोडतं ते बहुधा तिथेच.

आता पैसे. कामाच्या ४० तासांत हातात पेन्सिल किंवा स्टायलस असण्याचे तास २५ च्या पुढे क्वचित जातात. बाकी फोन, कोटेशन, प्रेसवर चकरा आणि पैशांची आठवण करून देणं. म्हणजे महिन्याचे १०० तास विकायला आहेत. घरखर्च, रंग-कागद, सॉफ्टवेअरचं भाडं, वीज आणि कर मिळून महिन्याला ६०,००० लागत असतील तर तासाचा तळाचा दर ६०० रुपये. याखाली घेतलेल्या प्रत्येक कामाची भरपाई हौसेच्या नाहीतर घरच्या तासांतून होते. दर ठरवल्याशिवाय समतोल साधायला बसलात तर ते वेळापत्रक दोन आठवडेही टिकत नाही.

पायरी ३: चित्रांच्या कामाला कुंपण

आगाऊ ५० टक्के घेतल्याशिवाय स्केच सुरू करू नका. दर सांगतानाच दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या त्यात आहेत आणि तिसरीपासून वेगळे पैसे लागतील, हे लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पुरतं, तोंडी पुरत नाही. 'दादा, बस एवढं नाव बदलून द्या न जी' हे वाक्य रात्री साडेनऊला येतं. फाइल शोधणं, बदल करणं, पुन्हा पीडीएफ काढणं, पाठवणं यात पाऊण तास जातो, आणि तो नेमका तुमच्या कोडिंगचा असतो. असे बदल सकाळी ११ ते १२ मध्येच होतील, हे आधीच सांगून ठेवा.

प्रेसला फाइल देताना मराठी मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवूनच द्या. तिथल्या मशीनवर तुमचा युनिकोड फॉन्ट नसतो किंवा जुन्या श्रीलिपी फॉन्टवर काम चालू असतं. मजकूर फुटतो आणि पत्रिका दुसऱ्यांदा छापावी लागते. तारीख सांगताना क्लायंटला दोन दिवस पुढची सांगा. ते दोन दिवस आपले.

हक्कांचं लिहून घेणं बहुतेक जण टाळतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन मागणीवरून काढलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक काम सांगणारा ठरू शकतो. तसं नको असेल तर वेगळा करार लागतो. कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. हौसेच्या बाजूलाही याचा संबंध येतो: क्लायंटसाठी काढलेलं चित्र तुमच्या खुल्या प्रकल्पात नमुना म्हणून टाकू नका. नमुन्यासाठी वेगळं चित्र काढा, अर्ध्या तासाचं असलं तरी चालेल. नोकरीही करत असाल तर नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल आणि लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल काय म्हटलंय, ते एकदा वाचून काढा.

पायरी ४: प्रकल्प निवडताना

हौसेच्या पाच तासांपैकी आठवड्याला खात्रीचा दीडच तास धरला तर दोन महिन्यांत १२ तास होतात. १२ तासांत वापरता येईल असं काहीतरी तयार होणार नसेल तर प्रकल्प मोठा आहे, कापा. आणि तुमचा जो अंदाज असेल तो दुप्पट करून मगच कापा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'हे तर कामासाठीच आहे' म्हणत केलेली साधनं. समजा, बिलं बनवायला आठवड्याला १० मिनिटं जातात. वर्षाचे झाले पावणेनऊ तास. त्यासाठी प्रोग्राम लिहायला २५ तास लागणार असतील तर तीन वर्षांनी बरोबरी होईल. मजा म्हणून लिहा, हरकत नाही, पण ते तास हौसेच्याच खात्यात टाका. कामाच्या ४० तासांत घुसवू नका.

एक उदाहरण जवळून पाहू. पत्रिकेच्या डिझाइनवर तीनशे पाहुण्यांची नावं टाकणारी पायथनची स्क्रिप्ट. ऐकायला दोन संध्याकाळींचं काम. पहिल्या संध्याकाळी इंग्रजी नावं झकास बसतात. दुसऱ्या दिवशी 'क्षितिज' टाकलं की जोडाक्षर फुटतं आणि वेलांट्या अक्षराच्या मागे जाऊन बसतात. पायथनमध्ये चित्रांसाठी वापरतात त्या 'पिलो' या लायब्ररीला 'राक्म' (अक्षरांची मांडणी करणारी दुसरी लायब्ररी) जोडलेलं नसेल तर ती अक्षरं नुसती एकामागे एक मांडते, आणि देवनागरीला ते चालत नाही. ते निस्तरलं की नाव मधोमध बसवण्याचा प्रश्न. 'क्षितिज' डोळ्याला तीन अक्षरांचं दिसतं, पायथन त्याची लांबी सात सांगतो, कारण हलन्त चिन्ह आणि दोन वेलांट्या तो वेगळ्या मोजतो. अक्षरं मोजून जागा ठरवली की सगळं डावीकडे सरकतं. शब्दाची रुंदी पिक्सेलमध्येच मोजावी लागते. दोन संध्याकाळींचं काम पाचवर गेलं, तेही कुठे आळस न करता. देवनागरीचा संबंध असलेल्या कुठल्याही प्रकल्पात ही वाढ आधीच धरून चाला. आणि असं साधन ऐन लग्नसराईत पहिल्यांदा वापरू नका. जानेवारीत जुन्या पत्रिकेवर तपासून ठेवा.

पायरी ५: खाली ठेवता येईल अशी बांधणी

प्रत्येक बैठकीची शेवटची १५ मिनिटं बांधाबांधीची, कोड कितीही रंगात आला असला तरी. त्यात चार गोष्टी.

पहिली, अर्धवट काम गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) 'अर्धवट' नावाच्या ब्रँचवर, म्हणजे वेगळ्या फांदीवर, कमिट करून (नोंदवून) पुश करणं, म्हणजे गिटहबवर पाठवणं. रीडमी आणि चाचणी लिहून झाल्यावर हे करा, म्हणजे त्याही सोबत जातात. इथे बरेच जण 'स्टॅश' (बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याची सोय) वापरतात आणि फसतात. स्टॅश फक्त त्याच मशीनवर राहतो, पुशबरोबर जात नाही, आणि महिन्याने तो आहे हेच आठवत नाही. कमिट कुरूप दिसला तरी सापडतो.

दुसरी, रीडमी फाइलच्या (प्रकल्पाची माहिती लिहितात ती) अगदी वर तीन ओळी: प्रोग्राम कोणत्या आज्ञेने सुरू होतो, आत्ता काय चालू होतं, पुढचं पाऊल कोणतं. पुढचं पाऊल इतकं बारीक लिहा की विचार न करता हात चालावा. 'नावांचा भाग सुधारणे' याचा काही उपयोग नाही. 'दोन ओळींत मोडणाऱ्या नावासाठी ओळींमधलं अंतर १२ पिक्सेल करून पाहणे' याचा आहे.

तिसरी, मुद्दाम नापास होणारी एक चाचणी (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवणं. महिन्याने चाचण्या चालवल्या की काम कुठे थांबलं होतं ते लाल अक्षरांत समोर येतं. आम्हाला चारही गोष्टींत हीच सगळ्यात उपयोगी वाटते, आणि करणारे सगळ्यात कमी.

चौथी, सुरू करण्याची आज्ञा एकच ठेवणं. चार खिडक्या उघडून, डेटाबेस वेगळा चालू करून मग प्रोग्राम सुरू होत असेल तर पाऊण तासाच्या बैठकीत तो सुरूच होणार नाही. हौसेच्या प्रकल्पाला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरे: सगळा डेटा एका फाइलमध्ये, सर्व्हर नाही. फक्त प्रोग्राम लिहीत असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट प्रत मिळू शकते. त्यातलीच बॅकअपची आज्ञा वापरा. लायब्ररींच्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये बांधून टाका आणि अपडेट वर्षातून एकदा, मोकळ्या पट्ट्यात. 'परवापर्यंत चालत होतं' यामागे बऱ्याचदा सहज म्हणून केलेलं अपडेट असतं.

लोकांना वापरायला द्यायचं असेल तर शक्यतो नुसती स्थिर पानं (सर्व्हरवर प्रोग्राम चालवावा लागत नाही अशी) ठेवा. गिटहब पेजेसवर सार्वजनिक प्रकल्पासाठी ती फुकट राहतात, साइटची मर्यादा १ जीबी. स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतलात की तो दिवाळीच्या पहाटेही बंद पडू शकतो.

चित्रांच्या मूळ फाइल गिटमध्ये घालू नका. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, आणि चुकून कमिट केलेली मोठी फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहून प्रकल्प फुगवत राहते. ए३ आकाराचं ३०० डीपीआय चित्र म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. त्याचा एक पूर्ण भरलेला लेयर मेमरीत साधारण ७० एमबी घेतो. वीस लेयर झाले की १.४ जीबी. त्या शेजारी ब्राउझर आणि कोडचा एडिटर उघडे ठेवले की ८ जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो. चित्रं आणि कोड यांसाठी मशीनवर दोन वेगळी लॉगिन खाती ठेवली आणि एकातून लॉग आउट करूनच दुसऱ्यात गेलात तर हा त्रास वाचतो. शिवाय कोडच्या खात्यात क्लायंटचे मेसेज दिसत नाहीत.

पायरी ६: ऊन, कूलर आणि वीज

बऱ्याच लॅपटॉपसाठी कंपन्या खोलीचं कमाल तापमान ३५ अंश सांगतात. मे महिन्यात दुपारी दीड वाजता गच्चीखालच्या खोलीत हे शक्य नसतं. मशीन स्वतःचा वेग कमी करतं आणि पाच मिनिटांचं एक्सपोर्ट वीस मिनिटं चालतं. त्या महिन्यांत जड कामं सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी कागदावरची कामं.

पण कूलर आला की कागदाचं वेगळं दुखणं. हवेचा झोत थेट टेबलावर आला तर बारीक शिंतोडे वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या ओल्या थरावर, पडतात आणि पांढरट ठिपके उमटतात. कूलरच्या ओलाव्याने पातळ कागद लाटांसारखा उठतो, ३०० जीएसएमचा बराच तग धरतो. कूलर नसलेल्या खोलीत उलटी गंमत: जलरंगाचा वॉश कडा जुळवण्याआधीच वाळतो आणि अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच चिवट होतं. झोत भिंतीकडे वळवा, टेबल त्याच्या रेषेबाहेर घ्या, पॅलेटखाली ओलं फडकं ठेवा. ऑगस्टच्या दमट हवेत तोच वॉश वाळायला किती तरी वेळ घेतो. या वाळण्याच्या वेळात कोड उघडण्याचा मोह होतो, तो टाळा. दहा मिनिटांचे चाळीस होतात आणि दुसरा थर द्यायची ओल निघून जाते. तो वेळ बिलं आणि मेलचा.

घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवत असाल तर त्याचा यूपीएस-नॉर्मल असा खटका असतो का ते पाहा. नॉर्मलवर वीज बदलायला जास्त क्षण लागतात आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर हवा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, मात्र घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या.

बॅकअप तीन प्रतींचा: एक मशीनवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. डिस्क रविवारी जोडायची आणि काम झालं की काढून कपाटात. कायम जोडलेली डिस्क वीज कडाडली की मशीनसोबतच जाते.

पायरी ७: घर

घरून काम करणाऱ्याला घरचे 'घरीच तर आहे' असं धरून चालतात. सिलेंडर, बँक, पार्सल, लाइनमन, सगळं त्याच्याकडे. भांडून हे सुटत नाही. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी चार ते सहा बाहेरच्या कामांसाठी ठेवा आणि सगळ्यांना सांगा. 'शुक्रवारी करतो' म्हटल्यावर ते खरंच शुक्रवारी झालं, हे दोन-तीनदा दिसलं की अधूनमधूनच्या हाका निम्म्याने कमी होतात.

कॅलेंडरवर हौसेचा वेळ लिहिण्याआधी नवऱ्याचा किंवा बायकोचा मोकळा वेळ लिहा, तितक्याच तासांचा. तुम्ही रविवारी सकाळी अडीच तास दार लावून बसणार असाल तर शनिवारी संध्याकाळी अडीच तास मुलं आणि स्वयंपाक तुमच्याकडे. ही नोंद नसेल तर हौसेवरून कुरबूर होणारच, आणि ती रास्त असते.

आठवड्याची मांडणी: एक मोठी बैठक अडीच तासांची, दोन छोट्या पाऊण-पाऊण तासाच्या. विचाराचं काम मोठीत. चुका दुरुस्त करणं, मजकूर, चाचण्या छोट्यांत. दोन याद्या वेगळ्या ठेवा, नाहीतर पाऊण तास काय करायचं हे ठरवण्यातच जातो. मुलांच्या शेजारी बसून लॅपटॉप मांडीवर घेणं ही बैठक नव्हे. त्यात कोडही होत नाही आणि मुलांनाही तुम्ही मिळत नाही. रात्री साडेदहानंतर एडिटर बंद. कमी झोपेचा परिणाम कोडमध्ये उशिरा दिसतो, पण दुसऱ्या दिवशीच्या शाईच्या रेषेत लगेच.

घडी मोडली की

मोडणारच. पाहुणे, दवाखाना, अर्जंट काम. तीन आठवड्यांच्या खंडानंतरच्या पहिल्या बैठकीत नवीन काही लिहू नका. रीडमीच्या तीन ओळी वाचा, चाचण्या चालवा, एक बारीक चूक दुरुस्त करा, पुश करा, उठा. राहिलेले तास भरून काढायला रविवार दुप्पट करू नका, ते उसने तास घरच्यांच्या पंधरातूनच येतात.

सलग दोन महिने पैशांचं काम आठवड्याला ५० तासांच्या वर जात असेल तर वेळापत्रक हलवून उपयोग नाही. दर वाढवा किंवा एक क्लायंट सोडा. उलट, कामाची तारीख जवळ आली की तुम्हाला कोडमध्ये हटकून नवीन काही सुचत असेल, तर ते वहीत लिहा आणि वही मिटा. आठवड्याने वाचल्यावर त्यातलं निम्म्याहून अधिक करण्याजोगं वाटत नाही.

प्रकल्प लोकांनी वापरायला घेतला की मागण्या येतात. उत्तर महिन्यातून एकदाच दिलं जाईल, हे रीडमीत लिहून टाका. कोड वापरण्याचा परवाना एमआयटीसारखा खुला असला तर हमी नसल्याचं त्यात असतंच. अनोळखी माणसाच्या आग्रहापेक्षा पैसे दिलेल्या क्लायंटची तारीख आधी, यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि सहा महिने हात लागला नसेल तर प्रकल्प बंद करा. गिटहबवर 'आर्काइव्ह' केलं की तो वाचता येतो, उतरवून घेता येतो, पण नवीन मागण्या येत नाहीत. मन बदललं तर तो पुन्हा उघडताही येतो. डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, भाड्याचा सर्व्हर असेल तर बंद करा, आणि डोमेन घेतलं असेल तर त्याचं ऑटो-रिन्यू काढा. कार्डावरून पुढच्या वर्षीचे पैसे मुदतीच्या काही दिवस आधीच कापले जातात, तेव्हा ही तारीखही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिनाभर आधी लिहून ठेवा.